चौकीच्या मागे काय आहे : द्रास ते चुशूल, सात दिवस

दिवस पहिला : सोनमर्ग ते द्रास

सोनमर्गहून साडेसहाला निघालो तेव्हा मामांनी पुढची जागा धरली होती आणि काच पूर्ण खाली केली होती. गार वारा थेट मागे माझ्या अंगावर येत होता, पण मी काही बोलले नाही. पायदळात सव्वीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस साताऱ्याला परतल्यापासून डोंगरात फिरकला नव्हता. या प्रवासाची कल्पना त्यांचीच. "तिथं असताना बर्फाशिवाय काही बघितलं नाही पोरी, एकदा नीट बघून येऊ," असं ते दोन वर्षं म्हणत होते.

मला मात्र एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. एवढ्या अफाट डोंगरात दहा, वीस, फार तर शंभर माणसं बसवून शत्रू अडतो कसा? की अडत नाहीच, आणि आपण उगाच माणसं पणाला लावतो?

झोजिला चढताना ट्रकांची रांग लागली. १ नोव्हेंबर १९४८ ला याच खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर आले होते. आज इथे साधी जीप दुसऱ्या गाडीला वाट देताना कड्याला चिकटते. रस्ता बघितल्यावर मग रणगाडे इथून वर न्यायच्या मेजर जनरल थिमय्यांच्या निर्णयाचं वजन कळतं.

दुपारी द्रासला युद्धस्मारकात पोचलो. तोलोलिंगची फोटोत दिसणारी उंची मला माहीत होती, जवळीक माहीत नव्हती. डोंगर अक्षरशः डोक्यावर आहे. मामांनी हात सरळ केला, अंगठा उभा धरला आणि एक डोळा मिटून शिखर अंगठ्याआड झाकून बघितलं. मग वळून रस्त्याकडे बघितलं. वर बसलेल्या माणसाला खालून जाणारी प्रत्येक गाडी मोजता येईल, एवढंच ते अंतर.

१९९९ पूर्वी या पट्ट्यातल्या बऱ्याच उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या करायची पद्धत होती. बर्फ पडू लागलं की उतरायचं, वितळलं की पुन्हा चढायचं. समोरचे पाकिस्तानीही तसंच करतात असं गृहीत धरलेलं. १९९८-९९ च्या हिवाळ्यात ते उतरले नाहीत, उलट आपल्या रिकाम्या जागांत येऊन बसले. तोलोलिंग परत घ्यायला १३ जून उजाडला, टायगर हिल ४ जुलैला मिळाली. या स्मारकात ज्यांची आठवण जपली आहे त्यांचा आकडा ५२७ आहे.

"वर दहा माणसं असती तर काय झालं असतं?" मी विचारलं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दहा माणसं काय पलटण थोपवणार नव्हती. पण दहा माणसांवर गोळी घातली की लढाई सुरू होते, आणि ती कुणी सुरू केली ते जगाला दिसतं. रिकाम्या बंकरवर कुणी गोळी घालत नाही. नुसता आत शिरतो आणि चूल पेटवतो."

संध्याकाळी भिंतीवरची नावं वाचत हिंडले. महाराष्ट्रातली नावं शोधायची नाहीत असं ठरवून गेले होते. तरी डोळे शोधत राहिले.

दिवस दुसरा : द्रास ते लेह

नमिकाला, फोटूला, लामायुरू. दिवसभर गाडीत. सुंदर वाट आहे, पण तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. लेहला पोचेपर्यंत माझं डोकं चढलं होतं, लसणाचं सूप पिऊन झोपले.

दिवस तिसरा : लेह

विश्रांतीचा दिवस. परवान्याचे कागद करायचे होते, ते काम सकाळीच झालं. दुपारी विमानतळाजवळच्या हॉल ऑफ फेम या लष्करी संग्रहालयात गेलो.

लेहचा बाजार, गोम्पा, राजवाडा बघताना हे शहर १९४८ साली पाकिस्तानी हल्ल्यातून जाता जाता वाचलं याची कल्पनाही येत नाही. त्या वर्षी ऐन हिवाळ्यात कॅप्टन पृथ्वीचंद नावाचा लाहौली अधिकारी आपल्या डोग्रा पलटणीतले सुमारे चाळीस स्वयंसेवक घेऊन बर्फातून झोजिला ओलांडून निघाला आणि ८ मार्चला लेहला पोचला. चाळीस माणसं! स्कर्दूला वेढा पडलेला, मे महिन्यात कारगिलही गेलं. लेहच्या वाटेवर शत्रूला अडवायला ही मूठभर माणसं आणि त्यांनी घाईघाईने शिकवून तयार केलेले गावकरी. मात्र त्या तुकडीबरोबर पैसे आणि बंदुका जेवढ्या महत्त्वाच्या होत्या, तेवढाच सोनम नोर्बू हा लडाखी अभियंता महत्त्वाचा ठरला. त्याने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठी धावपट्टी बनवली. २४ मे ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिथे उतरवलं, आत जनरल थिमय्या बसलेले होते. त्यानंतर गोरखा पलटणीचे जवान विमानाने यायला लागले.

मला हे फार मोलाचं वाटतं. पृथ्वीचंदांची तुकडी एकटी लेह कायमचं राखू शकली नसती हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. म्हणून बंदुकीबरोबर फावडंही चाललं. कुमक उतरेल अशी जागा तयार होईपर्यंत टिकायचं, एवढं त्यांनी पत्करलं आणि पार पाडलं.

गडांवर हिंडणाऱ्यांना 'मेट' हा शब्द नवा नाही. गडाच्या चढावर, तटाच्या बऱ्याच खाली, पहाऱ्याची छोटी वस्ती असायची. मेटकऱ्यांनी फौज अडवावी अशी अपेक्षा कुणी करत नव्हतं. त्यांनी जागं राहायचं, हाक द्यायची, आणि आपल्याला ओलांडल्याशिवाय कुणाला वर जाता येणार नाही एवढं बघायचं. पण हाक दिल्यावर वर गड हवा, गडावर दारूगोळा हवा, हाक ऐकणारा किल्लेदार हवा. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आणि मेटावरच्याला माहीत पाहिजे की वर कुणीतरी आहे. नाहीतर रात्र निघत नाही."

दिवस चौथा : खारदुंगला ओलांडून नुब्रा

खारदुंगलावर गर्दी होती, पाच मिनिटं थांबून उतरलो. खाली नुब्राचं खोरं उघडतं तेव्हा वाळू, जर्दाळूच्या बागा आणि बर्फ हे तिन्ही एका नजरेत मावतात.

पनामिकच्या पुढे वर्शीच्या बाजूला गेलो. त्या दिशेला सियाचीन. इथून मामा एकदम अबोल झाले.

१३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीतली तिसाच्या आसपास माणसं चीता हेलिकॉप्टरमधून बिलाफोंडला खिंडीजवळ बर्फात उतरली. त्यांचं नेतृत्व करणारा अधिकारी मराठी होता, कॅप्टन संजय कुलकर्णी. उतरल्यावर लगेच हिमवादळ आलं आणि पुढचे दिवस शत्रूपेक्षा थंडीशीच झुंजण्यात गेले. पाकिस्तानचीही तिथे येण्याची तयारी चालू होती, पण त्यांची माणसं पोचण्याआधी ही मूठभर माणसं बसलेली होती. सियाचीनवर ताबा घेण्याच्या या ऑपरेशन मेघदूतचा सगळा डाव या 'आधी'वर उभा होता. बसलेल्या माणसाला उठवण्याचा खर्च नेहमी वर चढणाऱ्याच्या माथी पडतो.

त्याची किंमतही इथेच सांगायला हवी. सियाचीनमध्ये गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि उंचीने अधिक माणसं गेली आहेत. नोव्हेंबर २००३ पासून तिथे शस्त्रसंधी आहे, मरण मात्र थांबलेलं नाही. एवढ्या उंचीवर माणूस ठेवावा का, या प्रश्नाला मी आजही सहज उत्तर देऊ शकत नाही. द्रासच्या भिंतीसमोर उभं राहून आले होते म्हणून 'हो' म्हणते, पण ते जड मनाने.

रात्री होमस्टेच्या स्वयंपाकघरात बुखारीच्या शेगडीभोवती बसलो तेव्हा मामांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. नव्वदच्या दशकात ते वर होते. चौकीवर अकरा जण. फायबरच्या झोपडीत केरोसीनचा स्टोव्ह सतत चालू, त्याची काजळी नाकात, थुंकीत, उशीला. टूथपेस्ट गोठलेली. कुकरात बटाटे कितीही वेळ ठेवले तरी मधे कच्चेच. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे फावड्याने दार मोकळं करणं, कारण रात्रीत झोपडी पुरलेली असायची.

"भीती कधी वाटायची?" त्यांच्या भाचरांपैकी हे विचारायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं.

"हवा बिघडली आणि हेलिकॉप्टर आठ-दहा दिवस आलं नाही की. समोरच्याची भीती नाही वाटायची. फोन लागला की मागून तोफखान्याचा माणूस बोलायचा, ओळखीचा आवाज. तो 'बोल रे' म्हणाला की बस. आम्ही अकराच आहोत असं वाटायचंच नाही."

दिवस पाचवा : श्योकच्या काठाने पँगाँग

नुब्राहून आगममार्गे श्योक नदीच्या काठाने निघालो. पाणी समोरून येत होतं, राखाडी, गाळाने भरलेलं. ही नदी उत्तरेकडून येते आणि श्योक गावापाशी जवळजवळ मागे वळून नुब्राकडे जाते. आमच्या बाजूने वाहणारं पाणी गलवानच्या मुखावरून आलेलं होतं.

दरबुककडे वळण्याआधी उत्तरेला जाणारा रस्ता दिसतो. दरबुक, श्योक, दौलत बेग ओल्डी, २५५ किलोमीटर. श्योकवरच्या मोठ्या पुलाला कर्नल चेवांग रिंचेन यांचं नाव आहे. ते नुब्राचे सुपुत्र, १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये, असे दोनदा महावीर चक्राचे मानकरी. आम्हाला त्या रस्त्याने जायची परवानगी नव्हती. मामांनी गाडी थांबवायला सांगितली आणि दोघं उतरून त्या दिशेला बघत उभे राहिलो.

गलवान म्हटलं की आता १५ जून २०२० ची रात्र, कर्नल संतोष बाबूंसह गेलेले वीस जण आठवतात. माझ्या मनात मात्र तिथला पहिला उन्हाळा होता, १९६२ चा.

२ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत एक बैठक झाली. पंतप्रधान नेहरू, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, सेनेचे आणि गुप्तचर खात्याचे वरिष्ठ. लडाखमध्ये शक्य तितकं पुढे जाऊन छोट्या चौक्या बसवायच्या असं ठरलं. आपण चौकी बसवली की चिनी बळाचा वापर करणार नाहीत, असा गुप्तचर खात्याचा होरा होता. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली होती : या चौक्यांच्या मागे, त्यांना रसद आणि आधार देता येईल असे मोठे तळ उभारायचे. पण डिसेंबरमध्ये सेना मुख्यालयातून खाली आदेश गेला तेव्हा त्यात हा मुद्दा नव्हता. पुढे जा, एवढंच उरलं. मागे काय असावं हे वाक्य कागदातून गळलं आणि चौक्या तशाच बसत गेल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. इथे त्या फाट्यावर उभी राहिले तेव्हा पुन्हा तसंच झालं.

जुलै १९६२ मध्ये गोरख्यांच्या एका प्लाटूनने गलवान खोऱ्यात चौकी बसवली. चार-पाच दिवसांत शेकडो चिनी सैनिकांनी तिला वेढलं, अगदी हाकेच्या अंतरावर आले. गोरखे हलले नाहीत. चिन्यांनी गोळी चालवली नाही. दिल्लीला वाटलं, बघा, ठाम राहिलं की ते मागे सरतात. माझ्या मते त्या उन्हाळ्यातला सर्वांत घातक क्षण हाच, कारण चुकीचा धडा यशाच्या रूपात आला. वाट अडवलेली असल्याने त्या चौकीला तीन महिने आकाशातूनच रसद टाकावी लागली. मागे काही नाही, हे वेढा घालणाऱ्याला रोज डोळ्यांनी दिसत होतं. पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्टमध्ये लिहून कळवलं की एवढ्या बळावर हे धोरण पेलणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोरख्यांच्या जागी जाट पलटणीची कंपनी हेलिकॉप्टरने नेऊन बसवली. कंपनीचे प्रमुख मेजर हसबनीस. २० ऑक्टोबरला पहाटे तोफा सुरू झाल्या. तीसहून अधिक जवान गेले, मेजर हसबनीस पकडले गेले. त्यांच्यासमोर कुमक मागवायची कोणती वाट होती? कोणतीच नाही.

संध्याकाळी लुकुंगला पँगाँग दिसलं. उत्तर काठावरून डोंगराच्या सोंडा एकामागे एक पाण्यात उतरतात. त्यांच्या पलीकडे, नजरेबाहेर, सिरिजाप आहे. तिथे मेजर धनसिंग थापा आणि त्यांचे अठ्ठावीस गोरखे होते. त्यांचीही चौकी अशीच एकटी. थापा मारले गेले असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. पुढे कळलं की ते युद्धकैदी आहेत, आणि ते परत आले.

दिवस सहावा : मेराक, चुशूल, रेझांगला

मेराकहून निघालो तेव्हा तळं निळंभोर होतं. चुशूलचं पठार उघडं, पिवळं, रुंद. डाव्या हाताला कैलास रांग : गुरुंग हिल, मध्ये स्पांगुरची फट, मगर हिल, आणि दक्षिणेला रेझांगला.

इथे १९६२ मध्ये गलवानसारखी स्थिती नव्हती. ११४ व्या ब्रिगेडचं इथे ठाणं होतं, धावपट्टी होती, तोफा होत्या. ऑक्टोबरअखेर चंदीगडहून विमानाने सहा एएमएक्स रणगाडे चुशूलला उतरवले, ही हवाई दलाची विलक्षण कामगिरी. म्हणजे मागे बळ होतं. तरी रेझांगलाचं काय झालं हे समजायला तो डोंगर बघावा लागतो. मामांनी स्मारकापाशी उभं राहून मला हाताने दाखवलं : इथे तोफा, तिथे चार्ली कंपनी, आणि मधे ही उंच धार. गोळा या धारेवरून पलीकडे नेमका टाकता येत नव्हता. तेराव्या कुमाऊँच्या सुमारे १२० जवानांना तोफखान्याची साथ मिळणार नाही हे लढाईआधीच माहीत होतं.

कंपनीचे प्रमुख मेजर शैतान सिंगांनाही ते माहीत होतं. १८ नोव्हेंबरच्या पहाटे, सोळा हजार फुटांवर, .३०३ रायफली आणि मोजक्या मॉर्टर घेऊन ते एका मोर्च्यातून दुसऱ्या मोर्च्यात जात राहिले. जखमी झाल्यावर आपल्याला इथेच सोडा असं त्यांनी जवानांना सांगितलं. कंपनीतले ११० च्या आसपास जण तिथेच राहिले. हिवाळा संपत आला तेव्हा मृतदेह सापडले, कित्येकांची बोटं रायफलीवर तशीच गोठलेली. कंपनीतला शुश्रूषा साहाय्यक धर्मपाल सिंग दहिया हातात बँडेज आणि इंजेक्शनची सुई घेतलेला सापडला असं सांगतात. कंपनीतले बहुतेक जवान हरियाणाच्या अहिरवाल भागातले. सपाट, ऊन्हाच्या गावांतली मुलं.

स्मारकासमोर मामांनी टोपी काढली नाही. कवायतीत उभे राहतात तसे उभे राहिले, सलाम केला आणि बराच वेळ हात खाली आणला नाही. वारा एवढा होता की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना काही विचारलं नाही.

नंतर गाडीच्या आडोशाला चहा घेताना ते म्हणाले, "मागे ब्रिगेड आहे आणि ती पोचत नाही, हे सगळ्यात वाईट. काहीच नसलं तर माणूस मनाची तयारी तरी करतो."

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम केला. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रं घेतली. मामांच्या घरात यशवंतरावांचा फोटो देवघराशेजारी आहे, कराडचे म्हणून, आणि या कामासाठी. त्यांच्या काळात दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करायची योजना आखली गेली. भाषणांत सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचं आपण सारखं म्हणतो. मला त्या वाक्यापेक्षा रस्ते, तोफा आणि गरम कपड्यांचे आकडे जास्त भावतात. १९६५ मध्ये चीनने धमकावलं तेव्हा सिक्कीममधली जेलेपला सोडली गेली आणि हातची गेली, तर तिथले सेनाधिकारी मेजर जनरल सगत सिंगांनी नथुला सोडली नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये तिथे गोळीबार झाला तेव्हा नथुलावरच्या जवानांच्या मागे तोफा होत्या, त्यांना खालचं दिसत होतं आणि त्या चालवल्या गेल्या. पाच वर्षांत एवढा फरक.

चुशूल गावात रात्रीचा मुक्काम. यजमान बाईंनी २०२० चा ऑगस्ट सांगितला. २९-३० ऑगस्टच्या रात्री आपल्या सैन्याने या समोरच्या कैलास रांगेवर ताबा घेतला, रेझांगलासह. वर माणसं थोडी, पण या वेळी मागे रणगाडे आले होते, तोफा होत्या. चुशूल-मेराकच्या गावकऱ्यांनी पाठीवर पाण्याचे कॅन, तांदळाची पोती वर नेली. बाईंचा भाऊ त्यात होता. "परत आला तेव्हा खांद्याला पट्ट्याचे वळ होते," असं म्हणून तिने स्वतःच्या खांद्यावर बोटाने रेघ ओढून दाखवली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाटाघाटीतून दोन्ही बाजू पँगाँगच्या दोन्ही काठांवरून मागे सरल्या. कैलास रांग सोडायला नको होती असं म्हणणारे जाणते अधिकारी आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. पण समोरच्याला बोलणीच्या टेबलाशी आणलं ते या वरच्या मूठभर जागांनीच. बाईंचं दुःख वेगळं होतं. मागे सरताना मधे जो पट्टा रिकामा ठेवला, त्यात त्यांची हिवाळी कुरणं आहेत. पश्मिन्याच्या शेळ्या तिथे न्यायच्या की नाही, हा प्रश्न दर थंडीत येतो. सीमेवर सर्वांत पुढे तैनात असलेली तुकडी म्हणजे हे मेंढपाळ, आणि त्यांच्या मागे काय उभं आहे हे त्यांनाही विचारावंसं वाटतं. तिने ते आम्हाला विचारलं. आम्ही दोघंही उत्तर देऊ शकलो नाही.

दिवस सातवा : न्योमा, माहे, लेह

चुशूलहून सागाला, लोमा, न्योमा आणि मग सिंधूकाठाने परत. माहेच्या पुलाच्या अलीकडे समोरून लष्करी ताफा आला. सप्टेंबर म्हणजे पुढच्या ठाण्यांवर हिवाळ्याचा साठा पोचवायचे दिवस. रस्ता अरुंद, आमची गाडी कडेला लागली.

ताफा मधेच थांबला. आमच्या खिडकीसमोरच्या ट्रकमधून एक जवान उतरला, चाकाकडे बघितलं, आणि मामांनी "काय रे, टायर?" म्हटल्यावर चमकून वळला. सांगली जिल्ह्यातला निघाला. दोन मिनिटंच मिळाली. मामांनी त्याला गाव विचारलं नाही, आईवडील विचारले नाहीत, पगार विचारला नाही.

"काय भरलंय?"

"केरोसीन, दादा. मागच्या गाड्यांत बटाटा, कांदा, दूध पावडर."

"जानेवारीत रस्ता चालू राहतो?"

"आता राहतो. बर्फ पडलं की दुसऱ्या दिवशी डोझर येतो."

"आणि फोन?"

"लागतो की."

पुढून शिट्टी झाली. तो पायरीवर चढला, काच खाली करून हात हलवला आणि ट्रक सुटला. आमच्या चालकाने गाडी सुरू केली होती. मामांनी त्याच्या दंडावर हात ठेवून थांबायला सांगितलं आणि एकेक गाडी जाताना ओठांतल्या ओठांत मोजत बसले. शेवटची गाडी वळणाआड गेल्यावरही धूळ बराच वेळ रस्त्यावर होती.